स्नेहसंमेलनातील भारत आणि वस्तीतील भारत

डिसेंबर उजाडला की महाराष्ट्रातील शाळाशाळांतून स्नेहसंमेलनांची धामधूम सुरू होते. भाड्याने आणलेले पोशाख मुलांच्या अंगावर चढतात, ध्वनिमुद्रित गाण्यावर एक कोळीनृत्य होते, एक भांगडा होतो, एक गरबा होतो, अखेरीस सर्व प्रांतांची मुले हातात तिरंगा घेऊन एका रांगेत उभी राहतात आणि विविधतेतील एकता सिद्ध झाल्याच्या समाधानात पालक घरी परततात. अलीकडे या एका रात्रीच्या सोहळ्याला दिवसाच्या 'कार्यशाळे'ची जोड मिळाली आहे. सकाळी वारली चित्रे, दुपारी लेझीम, संध्याकाळी प्रमाणपत्रे. खर्च बहुधा एखाद्या कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून होतो आणि फलकावर कंपनीचे नाव कलावंताच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत असते.

यात वाईट काय, असा प्रश्न कोणी विचारील तर तो अगदीच गैरलागू नाही. ज्या काळात माणसाचे नाव, दाढी, टोपी आणि डब्यातले अन्न पाहून त्याचे नागरिकत्व ठरविण्याची भाषा उघडपणे बोलली जाते, त्या काळात मुलांनी परप्रांताचे गाणे गुणगुणावे हेही कमी नाही. परंतु समाजवादी कार्यकर्त्याने एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे आपल्याच चळवळीचा इतिहास विसरणे होय. मुलांना आणि वस्त्यांना अनेक संस्कृतींच्या कलांशी जोडण्याचा प्रयोग या महाराष्ट्रात नवा नाही. तो कोणत्या हेतूने सुरू झाला होता आणि आज तो कोणाच्या हाती गेला आहे, हा खरा प्रश्न आहे.

साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना १९४९ च्या पुण्यातील साहित्य संमेलनात मांडली. एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तिचे वाङ्मय वाचावे, तेथील लोकांत जाऊन राहावे, अशी ती कल्पना होती. ती मांडणारा माणूस दोनच वर्षांपूर्वी, मे १९४७ मध्ये, पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषणास बसला होता, हे विसरून चालणार नाही. गुरुजींच्या मनात या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. गावकुसाबाहेरच्या माणसाला आत न घेता तमिळ माणसाशी भाऊपणाचे नाते सांगणे त्यांना ढोंग वाटले असते. नेमका हाच दुवा आजच्या 'बहुसांस्कृतिक' कार्यक्रमांतून गळून पडला आहे. परप्रांताचा नाच चालतो. शेजारच्या गल्लीचा प्रश्न चालत नाही.

या संदर्भात वारली चित्रांचे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण आजच्या शाळकरी कार्यशाळांचा तो सर्वांत लाडका विषय आहे. गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांची, दोन त्रिकोणांच्या अंगाची माणसे काढणे मुलांना चटकन जमते आणि शाळेची भिंत तासाभरात सुशोभित होते. ही कला मुळात घराच्या मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी काढीत. लग्नप्रसंगी देवचौक लिहिला जाई, त्यात पालघाट देवी असे आणि ती लिहिल्यावाचून लग्न लागत नसे. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी भास्कर कुलकर्णी हे चित्रकार डहाणूच्या पाड्यांवर गेले, त्यांनी ही चित्रे कागदावर आणविली, आणि जिव्या सोमा म्हसे या विलक्षण प्रतिभेच्या कलावंताचे नाव जगभर झाले. म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक उपदर्शन मिळाले. इतकी माहिती चांगल्या कार्यशाळेत सांगितली जाते. तिच्यापुढे मात्र कोणी जात नाही.

तो लग्नाचा चौक ज्या काळात लिहिला जात होता त्या काळी वारल्याच्या लग्नाचा अर्थ काय होता? लग्नासाठी जमीनदार-सावकाराकडून काही रुपये घ्यावयाचे आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, नवराबायको दोघांनी त्याच्या घरी व शेतात राबावयाचे. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. चौकातील देवीच्या भोवती नाचणारी ती आनंदी माणसे उद्यापासून कोणाच्या तरी मालकीची होणार होती. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, त्याच वर्षी २३ मे रोजी झरी या गावी हजारो वारली जमले आणि त्यांनी वेठ करणार नाही असे जाहीर केले. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या चालविल्या, जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती पडले. पण वेठ आणि लग्नगडीपणा गेला तो परत आला नाही. गोदावरी परुळेकर यांनी हा सारा वृत्तांत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवला आहे आणि साहित्य अकादमीने १९७२ साली त्याचा गौरवही केला. त्या लढ्याचा झेंडा समाजवादी पक्षाचा नव्हता, कम्युनिस्टांचा होता. त्यामुळे त्याचे श्रेय देताना आपल्या लोकांनी हात आखडता घेण्याचे कारण नाही.

आता असे समजा की शाळेत वारली चित्रांचा वर्ग घेताना मुलांना हे सांगितले. चौक कसा लिहितात हे शिकविले आणि त्याचबरोबर लग्नगडी म्हणजे कोण हेही सांगितले. मग मूल जी रेघ ओढील ती केवळ सजावटीची राहणार नाही. त्या वर्गात पालघर जिल्ह्यातून वीटभट्टीवर किंवा बांधकामावर आलेल्या कुटुंबाचे मूल असेल, तर आपल्या आजीची चित्रे भिंतीवर काढणारे हे लोक आपल्या आजोबांनाही ओळखतात, असे त्याला पहिल्यांदा वाटेल. असा वर्ग घेण्यास पैसा अधिक लागत नाही. वेळ लागतो, वाचन लागते, आणि थोडे धैर्यही लागते. कंपनीच्या निधीतून चालणाऱ्या एकदिवसीय उपक्रमात या तिन्ही वस्तू दुर्मीळ असतात. कोळीनृत्याचेही तेच. नाचाच्या गाण्यात होडी आहे, जाळे आहे, दर्या आहे. पण वरळीच्या कोळ्यांना किनारी रस्त्याच्या पुलाच्या खांबांमध्ये होड्या जाण्याइतके अंतर राहावे म्हणून भांडावे लागले, हे त्या नाचणाऱ्या मुलांच्या गावीही नसते.

दुसरे उदाहरण याहून कटू आहे. गोंधळी, वासुदेव, बहुरूपी, डोंबारी यांचे वेश स्नेहसंमेलनात हमखास टाळ्या घेतात. यांपैकी अनेक जमातींची गणना आपल्या समाजाने भटके म्हणून केली, आणि काहींना तर इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, संशय मात्र रद्द झाला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. ती माणसे मंगळवेढ्याकडची होती. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रभर फिरणारी होती. त्यांना मारणाऱ्यांत शाळा शिकलेले तरुण नव्हते असे म्हणता येईल काय? शाळेने त्यांना भटक्याचा वेश दाखविला असेल, भटका माणूस दाखविला नव्हता.

येथे जातीचा प्रश्न टाळता येत नाही, आणि कार्यकर्त्यांनी तो विशेष जपून हाताळला पाहिजे. आपल्याकडची बहुतेक लोकवाद्ये जातीच्या कामाला जखडलेली होती. हलगी कोणी वाजवावयाची, संबळ कोणाच्या गळ्यात, हे गावगाड्याने ठरविलेले होते. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेने हजारो माणसांनी गावकीची कामे टाकली, त्यांत मिरवणुकीपुढे वाजविण्याचे कामही होते. ते टाकणे हा स्वाभिमानाचा निर्णय होता. तेव्हा 'तुमच्या घरात परंपरा आहे' असे म्हणून एखाद्या शिक्षकाने त्या घरातील मुलाच्याच हाती हलगी दिली, तर सद्हेतूने का होईना, तो जुना गावगाडा वर्गात आणून बसवितो. उलट ब्राह्मणाच्या, मराठ्याच्या, मारवाड्याच्या मुलाने हलगीच्या वादकापुढे मांडी घालून बसावे, त्याला सर म्हणावे, हात चुकला की त्याची बोलणी खावीत, यात खरा पालट आहे. आणि दलित वस्तीतून काही शिकावयाचे तर केवळ वाद्यच का? सत्यशोधकांचे जलसे आहेत, १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांनी गाजविलेले आंबेडकरी जलसे आहेत, वामनदादा कर्डकांची गाणी आहेत. ही कला कोणाच्या चाकरीची नव्हती. शाळांच्या कार्यक्रमांतून ती जवळजवळ वगळली जाते, हा योगायोग म्हणता येणार नाही.

हा प्रश्न फक्त आपल्याच देशात उभा राहिला असे नव्हे. ब्रिटनमध्ये युद्धोत्तर काळात कॅरिबियन बेटांतून, भारत-पाकिस्तानातून आणि पुढे बांगलादेशातून कामगार आले, त्यांची मुले शाळांत आली, तेव्हा तेथील शिक्षणखात्यांनी व नगरपालिकांनी बहुसांस्कृतिक कलांचे वर्ग सुरू केले. १९७६ साली नसीम खान यांच्या अहवालाने दाखवून दिले की या समाजांची कला गल्लीगल्लीत जिवंत आहे, सरकारी अनुदानाचे लक्ष मात्र तिच्याकडे नाही. १९८१ ते १९८६ या काळात लंडनच्या महानगर परिषदेत डाव्या मजूर पक्षीयांची सत्ता असताना अशा गटांना प्रथमच मोठ्या प्रमाणावर मदत मिळाली. पण त्याच दशकात वंशद्वेषविरोधी शिक्षकांनी या वर्गांवर एक बोचरी टीका केली: साडी, समोसा आणि स्टीलचे ढोल एवढ्यावरच हे शिक्षण थांबते, पोलिसांची वागणूक, घरांची टंचाई आणि कारखान्यातील भेदभाव यांबद्दल ते मौन पाळते. टीका योग्यच होती. तरी तिचा अर्थ साडी-समोसा नको असा काढणे चूक ठरले असते. साउथॉलमध्ये जून १९७६ मध्ये गुरदीपसिंग चग्गर या तरुणाचा खून झाला, त्या संतापातून पुढल्या वर्षी जतिंदर वर्मा व त्यांच्या मित्रांनी 'तारा' ही नाट्यसंस्था काढली. तेथे कला आणि लढा यांची फारकत नव्हती. आणि १९८६ साली थॅचरबाईंच्या सरकारने लंडनची परिषदच बरखास्त केली तेव्हा, ज्या गटांचे मूळ वस्तीत नव्हते, नुसते अनुदानात होते, त्यांचे काय होणार हे सांगावयास ज्योतिषी लागत नव्हता.

अनुदानाचा विषय निघाला म्हणून अर्थशास्त्राची एक गोष्ट सांगणे अप्रस्तुत होणार नाही. बॉमोल आणि बोवेन या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे साधे होते. कारखान्यात यंत्रामुळे एका कामगाराचे उत्पादन वर्षानुवर्षे वाढते आणि मजुरी वाढली तरी मालाचा दर आटोक्यात राहतो. चार वादकांची मैफल मात्र शंभर वर्षांपूर्वी जितकी माणसे आणि जितका वेळ घेई, तितकीच आजही घेते. मजुरी सर्वत्र वाढल्यामुळे मैफल इतर वस्तूंच्या तुलनेने महागच होत जाणार. शिक्षणाला आणि शुश्रूषेलाही हे लागू आहे. तीस मुलांना हलगीचा हात बसवावयाचा तर आठवड्याला दोन तास आणि वर्षाला पंचवीस आठवडे, म्हणजे पन्नास तास एका जाणत्या माणसाचे द्यावे लागतात. त्यात काटकसर करण्याची कोणतीही युक्ती निघालेली नाही. बाजाराला हे पन्नास तास परवडत नाहीत, म्हणून तो त्यांचे दोन तास करतो आणि त्याला कार्यशाळा हे नाव देतो. मुलांची संख्या तीसवरून तीनशेवर नेली की अहवालात लाभार्थींचा आकडा वाढतो, दरडोई खर्च घटतो, आणि मुलांना काय आले हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्चण्याचे बंधन घातले, आणि त्या कामांच्या यादीत पारंपरिक कलांचे संवर्धनही आहे. हा पैसा घेऊच नये असा सोवळेपणा येथे अभिप्रेत नाही. पण देणाऱ्याला छायाचित्र हवे असते आणि ते एका दिवसात मिळते, हे ओळखून वागले पाहिजे. शिवाय हक्क आणि दान यांत भेद आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातच असे म्हटले आहे की सहावी ते आठवीच्या शाळेत शंभराहून अधिक मुले असतील तर कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. हा कंपनीचा उपकार नव्हे, संसदेने दिलेला हक्क आहे. कलावंताला वर्षभराचे काम देणारे हे दार कायद्याने उघडे ठेवले असताना त्याला एका दिवसाची शाल आणि श्रीफळ देऊन परत पाठविणे हा त्याचा सन्मान कसा म्हणावयाचा?

केंद्र सरकारच्या 'एक भारत श्रेष्ठ भारत' या योजनेत राज्यांच्या जोड्या लावल्या आहेत आणि महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी आहे. कल्पना वाईट नाही. तिच्यात आंतरभारतीची एक अंधुक सावलीही दिसते. पण घडते ते असे की मुले पडद्यावर संबलपुरी नाच पाहून तो बसवितात, जगन्नाथाच्या रथाचे पुठ्ठ्याचे चित्र करतात, आणि शाळेचा नळ दुरुस्त करावयास आलेला प्लंबर केंद्रपाड्याचा आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ओडिशाच्या त्या जिल्ह्यातून या धंद्यातले कारागीर देशभर जातात; मुंबई-पुण्यात ते आहेतच. त्या माणसाला एका शनिवारी वर्गात बोलावून त्याच्या गावचे एक गाणे आणि त्याच्या धंद्याचे चार शब्द मुलांनी ऐकले, तो येथे कसा आला, किती जणांत एक खोली घेऊन राहतो, हे विचारले, तर राज्याराज्यांची ती जोडी खरोखर लागेल.

मुंबईच्या महापालिकेची स्थिती तर अशा प्रयोगासाठी जणू मुद्दाम रचली आहे. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून तिच्या शाळा चालतात आणि पुष्कळ ठिकाणी एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमे नांदतात. मजले वेगळे, वर्ग वेगळे, मुलांची ओळख जिन्यापुरती. गणित आणि इतिहास ज्याच्या त्याच्या भाषेतच शिकविले पाहिजेत, याविषयी दुमत नाही. पण चित्रकला, गाणे, नाटक यांचे तास एकत्र घेण्यास कोणती अडचण आहे? उर्दू माध्यमाच्या मुलीने सुलेखनाचे वळण दाखवावे, तमिळ मुलाने तांदळाच्या पिठाचा कोलम काढावा, मराठी मुलीने ओवीचा ठेका धरावा; आणि मग सर्वांनी मिळून आपल्या वस्तीतल्या पाण्याच्या रांगेवर एक नाटुकले करावे. त्यात भाषांची गंमत होईल, भांडणेही होतील. भांडण होऊन मिटण्याचा अनुभव मुलांना मिळणे हाच तर या तासाचा निम्मा अभ्यासक्रम. भिवंडीने १९७० आणि १९८४ चे दंगे पाहिले. १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांतून दोन्ही समाजांच्या सामान्य माणसांना नियमित एकत्र बसविले. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. ओळख दंग्याच्या आधी व्हावी लागते.

आपल्या चळवळीनेही स्वतःकडे थोडे कठोरपणे पाहिले पाहिजे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाचे नाव आजही अभिमानाने घेतले जाते, आणि ते सार्थ आहे. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारख्यांनी ते घडविले, पु. ल. देशपांडे यांचे 'पुढारी पाहिजे' त्याच्यासाठी लिहिले गेले, निळू फुले त्याच परंपरेतून आले. 'महाराष्ट्र दर्शन', 'भारत दर्शन' यांसारखे कार्यक्रम गावोगाव झाले. तथापि त्या भारत दर्शनातही पोशाखी प्रांत नव्हतेच असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. शहरी मध्यमवर्गाच्या सुसंस्कृत डोळ्याने पाहिलेले ते पुष्कळसे लोकजीवन होते. त्याच काळात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक गिरणगावातूनच उगवले होते, आणि त्याच्या कवनांत गिरणीचा भोंगा आपोआप येत होता. सेवादलाच्या कलापथकाचे बळ निराळे होते: महिनोन्‌महिन्यांचा सराव, शाखेवरचे रोजचे एकत्र येणे, गावात मुक्काम. आज पोशाख उरले आहेत. मुक्काम आणि सराव गेले.

तेव्हा तालुका व वॉर्ड पातळीवरील कार्यकर्त्यांपुढे काम अगदी साधे आहे आणि ते थोडे कंटाळवाणेही आहे. आपल्या भागातील शंभराहून अधिक मुलांच्या शाळांत कलाशिक्षणाचा निदेशक आहे की नाही, याची माहिती अर्ज करून मागवावी. वस्तीत कोण काय वाजविते, गाते, विणते, रंगविते याची नोंद करावी, आणि ती करताना जात नव्हे, येत असलेली कला लिहावी. एका शाळेत, एका कलेचा, पूर्ण एक सत्राचा वर्ग उभा करावा. दहा शाळांत दहा कार्यशाळा घेण्याचा मोह टाळावा. शिकविणाऱ्याला तासाचा मोबदला आधी ठरवून द्यावा आणि हजेरीपत्रकावर त्याचे नाव शिक्षकांच्या रकान्यात लिहावयास मुख्याध्यापकांना भाग पाडावे. यातील शेवटच्या गोष्टीला मुख्याध्यापक सर्वांत अधिक विरोध करतील, असा अनुभव बहुतेकांना येईल.

मुंबई महापालिकेचे अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या सुमारास मांडले जाते, आणि ग्रामपंचायतींच्या विकास आराखड्यासाठी ग्रामसभा २ ऑक्टोबरपासून भरू लागतात. कलाशिक्षकाच्या मानधनाची मागणी त्याआधी, लेखी, आकड्यांसह आणि पालकांच्या सह्यांनिशी दाखल झाली नाही, तर पुढचे स्नेहसंमेलनही भाड्याच्या पोशाखांतच होईल.